बीजाणू डोळ्यांनी पाहावा

मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले आणि मध्येच उघडीप पडली, की नांदेड-लातूरच्या काळ्या रानात छत्र्या उगवतात. उकिरड्याच्या कडेला, गवतात, धुऱ्यावर, पडलेल्या बाभळीच्या खोडावर, वारुळाच्या अंगाला. किनवट-माहूरच्या सागवानी पट्ट्यात रानाची माहिती असलेली माणसे त्यांतल्या खाण्याजोग्या तेवढ्या ओळखून टोपलीत घालतात. औसा, निलंगा, देगलूरकडच्या उघड्या रानात मात्र सगळ्या सरसकट ‘कुत्र्याच्या छत्र्या’ ठरतात आणि पोरे त्या पायाने उडवत जातात. दोन-चार दिवसांत त्या कुजून मातीला मिळतात. तोवर त्यांचे काम उरकलेले असते. छत्रीच्या पोटाशी असलेल्या पातळ पात्यांवरून कोट्यवधी बीजाणू सुटून वाऱ्याला लागलेले असतात.

हा बीजाणू नुसत्या डोळ्याला दिसत नाही. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले आठ-दहा भाग ही त्याची लांबी. तरीही मराठवाड्याच्या शेताचे, ताटाचे आणि श्वासाचे बरेच काही त्याच्यावर ठरते. ज्वारीची काणी त्याच्यामुळे, सोयाबीनचा तांबेरा त्याच्यामुळे, लागवडीच्या धिंगरी अळिंबीच्या शेडमधला खोकलाही त्याच्यामुळे. रानातली एखादी छत्री खाऊ नये याची भरवशाची खूणही पुष्कळदा त्याच्याचकडे असते. त्याला पाहण्याची विद्या याच प्रदेशात एकेकाळी जोमाने वाढली. ती पुन्हा महाविद्यालयांच्या टेबलांवर आणि तिथून गावात यावी, असे मला मनापासून वाटते.

कागदावरचा हिरवा ठसा

नांदेडमधल्या एका मैदानाच्या कडेला, गवतात, पावसानंतर चांगल्या हातभर पसरलेल्या जागेत पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. एकेक छत्री जेवणाच्या ताटलीएवढी, वर तपकिरी खवले, देठावर सैल कडे. त्यांतली एक घरी आणली. देठ छत्रीलगत कापून टाकला, अर्धा पांढरा नि अर्धा काळा असा कागद घेतला, त्यावर छत्री उपडी ठेवली आणि वर वाडगा झाकला. बीजाणू पांढरे असतील तर काळ्या भागावर दिसतील, गडद असतील तर पांढऱ्यावर. सकाळी छत्री उचलली तेव्हा कागदावर मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेघांचे वर्तुळ उमटले होते. प्रत्येक रेघ म्हणजे दोन पात्यांमधल्या फटीतून खाली पडलेली भुकटी. रंग हिरवट, जरासा राखाडीकडे झुकणारा.

हिरवा ठसा देणाऱ्या अळिंब्या, म्हणजे अशा छत्र्या, जगात अगदी मोजक्या. ही त्यांतली सर्वांत परिचित: क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. उष्ण प्रदेशांतल्या गवतात ती सर्रास उगवते आणि जगाच्या अनेक भागांत अळिंबीच्या विषबाधेचे सर्वांत नेहमीचे कारण तीच असते. कोवळी असताना तिची पाती पांढरी शुभ्र असतात. दिसायला मांसल, वासाला चांगली. फसायला तेवढे पुरते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत पोटात मुरडा येतो, उलट्या आणि जुलाब सुरू होतात, शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. लहान मुलांना तर फार जपावे लागते.

ठशातली चिमूटभर भुकटी सुईच्या टोकाने काचपट्टीवर घेतली, पाण्याचा थेंब टाकला, कव्हरस्लिप ठेवली. सूक्ष्मदर्शीच्या दहाच्या भिंगाखाली नुसते ठिपके दिसतात. चाळीसच्या भिंगावर गेलो की ठिपक्यांना आकार येतो आणि शंभरच्या भिंगावर, तेलाचा थेंब घालून पाहिले, की एकेक बीजाणू नीट उभा राहतो. लंबगोल, जाड भिंतीचा, फिकट हिरवा. एक टोक गोल आणि दुसरे किंचित छाटल्यासारखे. त्या छाटलेल्या टोकाशी बारीक छिद्र असते. रुजताना बुरशीचा पहिला तंतू तिथूनच बाहेर येतो. विरुद्ध टोकाला एक छोटी चोच असते. बीजाणू आपल्या दांडीला जिथे चिकटलेला होता तिची ती खूण.

मग मोजमाप. नेत्रिकेत एक बारीक पट्टी बसवलेली असते, पण तिच्या खुणांना स्वतःची किंमत नसते. आधी एक मिलिमीटरचे शंभर भाग आखलेली काच भिंगाखाली ठेवून ती किंमत ठरवावी लागते. चाळीसच्या भिंगाला बहुतेक सूक्ष्मदर्शींवर एक खूण अडीच मायक्रॉनच्या आसपास येते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बीजाणूने चार खुणा व्यापल्या म्हणजे तो दहा मायक्रॉनचा. असे वीस-पंचवीस बीजाणू मोजायचे, लांबी-रुंदी लिहून ठेवायची. या अळिंबीची लांबी साधारण आठ ते तेरा मायक्रॉनमध्ये पडते. रंग, आकार, छिद्र आणि माप या चार गोष्टी जुळल्या की ओळख पक्की होत जाते.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. ठसा ‘खाऊ नका’ हे ठामपणे सांगू शकतो, ‘खा’ असे तो कधीच सांगत नाही. लागवडीच्या धिंगरीचा ठसा पांढरट असतो आणि अमॅनिटा कुळातल्या प्राणघातक अळिंब्यांचाही पांढराच. अमॅनिटाचे विष तर आणखी फसवे. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये बरे वाटल्याचा भास होतो आणि तोवर यकृत निकामी होत आलेले असते. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण घातल्यावर रंग बदलतो का, किडे लागले आहेत का, असल्या घरगुती परीक्षांना काडीचाही आधार नाही. रानातली अळिंबी ओळखल्याशिवाय चुलीवर चढवू नये, आणि चुकून खाल्ली गेली तर उरलेला तुकडा कागदात गुंडाळून रुग्णासोबत दवाखान्यात न्यावा. बीजाणूची भिंत पोटातल्या आम्लातही टिकते. म्हणून उलटीतूनसुद्धा बीजाणू शोधून अळिंबीची जात ओळखता येते.

सोयाबीनच्या गुळीवरची धिंगरी

लातूर जिल्ह्यात खळे झाले की सोयाबीनच्या गुळीचे ढीग लागतात. थोडी जनावरांपुढे जाते, पुष्कळशी शेतातच जाळली जाते. याच गुळीवर धिंगरी उत्तम येते. आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बारदानाचे पडदे लावून, खाली पाणी शिंपडून हा धंदा करणारे तरुण आणि बचत गटांतल्या बाया आता बऱ्याच गावांत भेटतात. गुळी रात्रभर भिजवायची, गरम पाण्याने किंवा वाफेने तिचे निर्जंतुकीकरण करायचे, निथळून प्लॅस्टिकच्या पिशवीत थर द्यायचे, प्रत्येक थरावर बियाणे पेरायचे. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढऱ्या तंतूंनी आवळली जाते. मग प्लॅस्टिक काढून बेड टांगायचे, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारायचा. हवेत ओल ऐंशी-नव्वद टक्के हवी. मार्च ते मे या काळात मराठवाड्यात ती राखताना माणूस जेरीस येतो.

यातले ‘बियाणे’ म्हणजे बीजाणू नव्हेत. उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर प्रयोगशाळेत वाढवलेली ती बुरशीच असते. बीजाणूपासून पीक का घेत नाहीत, हे भिंगाखाली कळते. धिंगरीच्या पात्याचा तुकडा बटाट्याच्या फोडीत धरून ब्लेडने पारदर्शक काप काढावा, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये ठेवावा आणि कड शोधावी. पात्याच्या कडेने गदेच्या आकाराच्या पेशी दाटीने उभ्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर चार बारीक दांड्या आणि दांड्यांच्या टोकाला एकेक बीजाणू. रंगद्रव्य चढल्यावर हे चौकडीचे रूप स्वच्छ दिसते. बीजाणू लांबट, तांदळाच्या कणीसारखे, सात ते अकरा मायक्रॉन लांब आणि तीन-चार मायक्रॉन रुंद. या चारही भावंडांत आईबापांचे गुण नव्याने वाटले गेलेले असतात. एकट्या बीजाणूतून निघालेली बुरशी छत्री धरत नाही. तिला जुळणारा दुसरा तंतू भेटावा लागतो. जुळणी कुणाशी होईल आणि वाण कसा निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून चांगल्या छत्रीच्या गाभ्याचा तुकडा घेऊन तोच वाण पुढे वाढवतात. नवा वाण काढायचा असतो तेव्हा मात्र शास्त्रज्ञ पुन्हा बीजाणूंकडे वळतात. सोलनचे अळिंबी संशोधन संचालनालय आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी संशोधन प्रकल्प यांच्याकडे हे काम चालते.

सूक्ष्मदर्शीने धिंगरीच्या नावातली एक जुनी चूकही उघडी केली. भारतात १९७०च्या दशकात जांडाईक आणि कपूर यांनी जी धिंगरी लागवडीत रुळवली ती प्लुरोटस साजोर-काजू म्हणून देशभर गाजली. अजूनही शेतकऱ्यांच्या माहितीपत्रकांत हेच नाव छापले जाते. तंतूंची रचना बारकाईने तपासल्यावर तज्ज्ञांना दिसले, की मूळ साजोर-काजू ही वेगळ्याच, लेंटिनस कुळातली चिवट अळिंबी आहे आणि शेडमध्ये वाढते ती प्लुरोटस पल्मोनॅरियस. शेतकऱ्याच्या उत्पन्नात त्याने फरक पडला नाही, पण वाणांची देवाणघेवाण आणि संशोधन करणाऱ्यांना योग्य नाव लागतेच.

शेडमधल्या माणसाला बीजाणू जाणवतो तो वेगळ्याच रीतीने. तोडणीला उशीर झाला, छत्रीची कड वर वळली, की खालच्या बेडवर पांढरी भुकटी साचते. सकाळी कवडशात शेडमधली हवा धुरकट दिसते. धिंगरी ही बीजाणू फार सोडणाऱ्या अळिंब्यांपैकी आहे. महिनोन्‌महिने त्या हवेत काम करणाऱ्या काहींना खोकला, संध्याकाळी कणकण, छातीत आवळल्यासारखे होणे असा त्रास सुरू होतो. फुप्फुसांच्या या ॲलर्जीची वैद्यकात पूर्वीपासून नोंद आहे. उपाय साधे आहेत: कड सपाट असतानाच तोडणी करायची, आत शिरण्याआधी दारे-खिडक्या उघडून हवा खेळवायची, फवारा मारून मग तोडायला घ्यायचे आणि चांगल्या प्रतीचा मास्क लावायचा. रुमालाने हे बीजाणू अडत नाहीत. प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने बेड कसे भरायचे याइतकेच हेही शिकवले पाहिजे. घरातल्या बाया आणि मुले याच हवेत वावरतात.

एवढे बीजाणू सुटतात कसे, याचे उत्तर कॅनडात विनिपेगला काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड बुलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधायला घेतले. सुटण्याच्या क्षणाआधी बीजाणूच्या चोचीशी पाण्याचा एक थेंब फुगतो. तो बीजाणूच्या अंगावरच्या ओलाव्यात मिसळताच वजनाचा मध्य झटक्यात सरकतो आणि बीजाणू पात्यापासून दूर फेकला जातो. जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. दोन पात्यांमधल्या फटीच्या मधोमध यायला तेवढे पुरते. मग तो सरळ खाली पडतो आणि वाऱ्याला लागतो. कुरणातल्या एका अळिंबीतून तासाला सुमारे चार कोटी बीजाणू सुटतात, असा हिशेब बुलर यांनी मांडला. ओलावा नसेल तर थेंब नाही आणि थेंब नसेल तर उड्डाण नाही. छत्र्या पावसाळ्यातच का, याचे एक उत्तर त्या थेंबात आहे.

टिळकांची हवा मोजण्याची पेटी

सुटलेला बीजाणू हवेत कुठे आणि केव्हा असतो, हे मोजण्याचे काम मराठवाड्याने फार मनावर घेतले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतल्या बीजाणू-परागकणांच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. भारतात ही शाखा रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. इंग्लंडमध्ये हर्स्ट यांनी १९५२ मध्ये बीजाणू पकडण्याचे स्वयंचलित यंत्र केले होते. ते महाग आणि त्याची काचपट्टी रोज बदलावी लागे. १९७० मध्ये टिळक आणि कुलकर्णी यांनी इथल्या परिस्थितीला साजेसे यंत्र तयार केले. ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ते ओळखले जाते.

यंत्राची रचना कुणालाही समजेल अशी आहे. एका पेटीत पंखा, तो मिनिटाला पाच लिटर हवा ओढतो. आत घड्याळाच्या यंत्रावर फिरणारे एक पिंप, त्यावर पेट्रोलियम जेली लावलेली सेलोफेनची पट्टी. ओढलेली हवा पट्टीवर आदळते, बीजाणू चिकटतात. पिंपाचा एक फेरा आठ दिवसांत पुरा होतो. पट्टी काढून दिवसागणिक तुकडे पाडायचे, ग्लिसरीन जेलीत काचपट्टीवर बसवायचे आणि भिंगाखाली कडेपासून कडेपर्यंत वाचत जायचे. दिवसाला ७,२०० लिटर हवा म्हणजे एक माणूस दिवसभरात घेतो त्या श्वासांच्या जवळपास जाणारा आकडा. ती पट्टी वाचणे म्हणजे माणसाच्या छातीत काय काय गेले ते वाचणे.

या यंत्राने विद्यापीठाने अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतली हवा तपासली, कारण चित्रांवर आणि पाषाणावर बुरशी धरते ती हवेतल्या बीजाणूंपासूनच. पुढे मराठवाड्यातल्या महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी ही पेटी घेऊन ज्वारी, भुईमूग, सूर्यफूल, तूर, सोयाबीनच्या शेतांत उतरले. लातूर आणि नांदेडची रानेही त्यात आली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा ही परंपरा तिथल्या वनस्पतिशास्त्रालाही लाभली.

अशा पट्टीवर सकाळ-दुपार-रात्र वेगवेगळी दिसते. कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी क्लॅडोस्पोरियमचे बारीक बीजाणू आणि आल्टर्नेरियाचे गदाकार, आडव्या-उभ्या भिंतींनी कप्पे पडलेले मोठे बीजाणू गर्दी करतात. करडई आणि सूर्यफुलावरचा करपा याच आल्टर्नेरियाचा. कर्व्हुलारियाचा बीजाणू बाकदार, मधला कप्पा फुगलेला आणि गडद. खरिपाची ज्वारी पिकण्याच्या वेळी पावसात सापडली की दाणा काळा पडतो, त्यातला हा एक गुन्हेगार. भाव पाडून मागितली जाणारी ती काळी ज्वारी मराठवाड्याने वर्षानुवर्षे सोसली. खरिपातून ज्वारी मागे हटून सोयाबीन पुढे आले, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. रात्री आणि पहाटे, हवा ओली झाली की पट्टीवर अळिंब्यांचे बीजाणू वाढतात. शेताला रोग लागण्याच्या आठवडाभर आधी हवेतल्या बीजाणूंचा आकडा चढताना दिसला, तर फवारणी गरजेच्या वेळी होते आणि उगाचची टळते. शेतकऱ्याचा औषधावरचा खर्च वाचवण्याची ताकद या जुन्या पेटीत आहे.

कणसातली काळी भुकटी

बीजाणू कळला की रोगाचा उपाय किती स्वस्त होतो, याचे उत्तम उदाहरण ज्वारीची दाणे काणी. रोगट कणसात दाण्याच्या जागी राखाडी पिशवी धरते आणि तिच्यात काळी भुकटी भरलेली असते. मळणीत ती फुटते. भुकटीतले बीजाणू निरोगी दाण्यांना चिकटतात आणि पुढच्या पेरणीला बियाण्यासोबत थेट जमिनीत जातात. कोंब फुटताच बुरशी आत शिरते, ताटाबरोबर वाढत राहते आणि कणीस बाहेर पडेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही. तेव्हा फवारून उपयोग नसतो. बीजाणू दाण्याच्या सालीवर बसलेला आहे हे ओळखले की त्याला तिथेच गाठता येते. किलोभर बियाण्याला ३०० मेशचे गंधक ४ ग्रॅम चोळून पेरायचे, काम झाले. खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी हा उपाय उचलला आणि काणी आटोक्यात आली.

काणीचे कणीस घेऊन त्याची भुकटी शेतकऱ्याला भिंगाखाली दाखवावी. गोल, गडद, दाटीने पडलेले शेकडो बीजाणू पाहिल्यावर बीजप्रक्रियेवर वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

पाठांतरातला बीजाणू आणि भिंगाखालचा

आज महाराष्ट्रात जीवशास्त्र सर्वांत जास्त घोकले जाते ते लातूर आणि नांदेडमध्ये. ‘लातूर पॅटर्न’ने दुष्काळी भागातल्या, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर केले. आईबापांनी जमिनीचा तुकडा विकून मुलांना इथे ठेवले, मुलांनी त्याचे चीज केले. या मेहनतीबद्दल मला आदर आहे. अकरावीच्या पुस्तकात अळिंब्यांच्या बॅसिडिओमायसिटीस वर्गाबद्दल लिहिले आहे, की बीजाणू चार आणि ते पेशीच्या बाहेर धरतात. ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारा प्रत्येक मुलगा ते झोपेतही सांगेल. पण त्यातल्या फारच थोड्यांनी ते चार बीजाणू पाहिलेले असतात. ज्या शहराच्या भोवती मैलोन्‌मैल सोयाबीन आहे, जिथे पावसाळ्यात कुंपणालगत अळिंब्या उगवतात, तिथल्या मुलाला बीजाणू केवळ पर्यायांतल्या एका ओळीत भेटावा, हे त्याचे मोठे नुकसान आहे. उद्या हाच मुलगा डॉक्टर होऊन उमरग्याला किंवा किनवटला बसेल आणि त्याच्यापुढे अळिंबीची विषबाधा झालेले कुटुंब येईल. तेव्हा त्याला उलटीच्या नमुन्यात बीजाणू शोधता आला पाहिजे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. विज्ञान शाखा असलेल्या प्रत्येक महाविद्यालयात सूक्ष्मदर्शी आहेत. जून ते सप्टेंबर, आठवड्यातला एक दिवस वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा गावासाठी उघडी ठेवावी. शेतकऱ्याने ज्वारीचे कणीस, सोयाबीनचे पान, तुरीचा वाळलेला फाटा आणावा. रानातून कुणी छत्री आणावी. धिंगरीवाल्याने आपल्या बेडवरची हिरवी-काळी बुरशी आणावी. विद्यार्थ्यांनी ठसा घ्यावा, बीजाणू मोजावे, तारीख, गाव, कशावर उगवले, रंग, माप अशी नोंद वहीत करावी. खाण्याजोगी असल्याचा दाखला त्यांनी कुणालाही देऊ नये, विषारी ओळखली तर मात्र तत्काळ सांगावे. अडलेले नमुने सुकवून पुण्याला आघारकर संशोधन संस्थेतल्या अजरेकर कवक संग्रहालयाकडे पाठवता येतील. ही संस्था उभारणाऱ्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० मध्ये नैऋत्य भारतातल्या अळिंब्यांवर पुस्तक काढले आणि त्यात साठे व देशपांडे यांनी महाराष्ट्रातल्या जाती नोंदवल्या. नांदेड विद्यापीठाच्या कक्षेतले नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे मिळून दहा वर्षे अशी वही चालवतील, तर मराठवाड्याच्या अळिंब्यांची आणि पिकांवरच्या बुरशींची पहिली सलग नोंद उभी राहील. बदलत्या पावसाने यातले काय सरकते आहे, तेही तिच्यातून कळेल.

फ्लॉरेन्सच्या मिकेली यांनी १७२९ मध्ये बुरशीचे बीजाणू खरबुजाच्या फोडींवर पेरले आणि त्यातून तीच बुरशी उगवते हे दाखवले. तोवर ती आपोआप कुजक्यातून जन्मते, असे शहाणीसुरती माणसेही धरून चालत. त्यांचा सूक्ष्मदर्शी आजच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शीपुढे फारच साधा होता. आपल्याकडे यंत्र त्याहून चांगले आहे, टिळकांनी घालून दिलेली वाट आहे, आणि जीवशास्त्रासाठी रात्रंदिवस झटणारी हजारो मुले आहेत. त्या प्रत्येक मुलाने ‘चार’ या उत्तरावर खूण करण्याआधी एकदा तरी धिंगरीच्या पात्याचा काप काढून ते चार बीजाणू स्वतः मोजलेले असावेत. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांनी येत्या मृगापासून हे सुरू करावे.